माझ्या हाताला सुरू न होणारी अँबॅसिडर

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळी समजणार नाही. मी सोलापुरात एका पॉलिटेक्निकला मेकॅनिकल शिकवते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच, आणि हे सांगताना मला कसलाही संकोच वाटत नाही. कुणाच्या अंगात आलं, कुणाला नजर लागली, कुणाला बाहेरचं झालं... असलं बोलणं सुरू झालं की मी सरळ उठून जाते. पेट्रोल इंजिनला तीन गोष्टी लागतात – इंधन, हवा आणि ठिणगी. तिन्ही वेळेवर मिळाल्या की ते चालणारच. चावी कुणाच्या हातात आहे हे इंजिन विचारत नाही. हे शेवटचं वाक्य मी दरवर्षी पहिल्या तासाला मुलांना सांगते.

यंदा सांगितलं नाही. का, ते लिहिते.

आमचे अप्पा मूळचे मंद्रूपचे. तरुणपणी सोलापुरात आले आणि टॅक्सी चालवायला लागले. रेल्वेनं उतरलेले यात्रेकरू घ्यायचे आणि अक्कलकोट, गाणगापूर करून आणायचे. गाडी एकच, अँबॅसिडर. दर अमावस्येला ती धुऊन चाकांखाली लिंबं ठेवायचं काम माझं. माझा धाकटा भाऊ मल्लिनाथ, म्हणजे मल्लू, गाडीच्या वाऱ्यालाही उभा राहायचा नाही. मी मात्र बोनेटमध्ये डोकं घालून बसायची. अप्पा कार्ब्युरेटर खोलायचे, मी जेट फुंकून द्यायची. स्टँडवरचे लोक हसायचे, "काय हो, पोरीला डायवर करताय का?" तर अप्पा म्हणायचे, "ही पोरगी न्हाय, माझा थोरला ल्योक हाय." मी इंजिनिअरिंगला जाते म्हटल्यावर सगळे नातेवाईक घरी येऊन अप्पांना समजावून गेले. अप्पांनी सगळ्यांना चहा पाजला आणि दुसऱ्या दिवशी मला ॲडमिशनला घेऊन गेले. त्याच गाडीतून.

नंतर अप्पांचे गुडघे गेले, टॅक्सीचा परवाना संपला, आणि गाडी विजापूर रोडच्या आमच्या घरामागं पत्र्याच्या शेडमध्ये जाऊन बसली. माझं लग्न झालं, मी जवळच जुळे सोलापुरात राहायला गेले. शेवटच्या आजारपणात अप्पा दवाखान्यात होते तेव्हा एकदा माझा हात धरून म्हणाले, "लीला, गाडी तुला. तुझ्याबिगर तिचं कुणाला कळणार न्हाय." खोलीत आम्ही दोघंच होतो. मी म्हटलं, "तुम्ही घरी या, आपण दोघं मिळून करू." ते घरी आले नाहीत.

त्यांचं सगळं आटोपल्यावर मी गाडीला हात घातला. ताडपत्री काढली तर सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केलेलं, आणि ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका गंजलेला की खालची जमीन दिसत होती. जुनी वायरिंग हातात घेतली की भुगा व्हायची. दर रविवारी मी सकाळीच अव्वाकडं, म्हणजे आईकडं, जायची आणि अंधार पडला की घरी यायची. आमचे हे म्हणायचे, तुझं दुसरं सासर झालंय ते शेड. खोटं नव्हतं. अप्पांचे जुने दोस्त रफिकभाई – विजापूर वेशीकडं त्यांचं गॅरेज आहे – पत्र्याचं आणि वेल्डिंगचं काम त्यांनी केलं. इंजिन मी स्वतः उतरवलं, स्वतः बांधलं. ठिणगीचे जुने पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन घातलं. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग, डायनामोच्या जागी अल्टरनेटर. पूर्ण गाडीची नवी वायरिंग मी अव्वाच्या स्वयंपाकघरातल्या फरशीवर पसरून, एकेका वायरला टेप मारून तयार केली. अव्वा भाकरी थापता थापता वायरींवरून उड्या मारायची, म्हणायची, "साकु ग आता, साप पसरल्यासारखं वाटायलंय!" साकु म्हणजे पुरे. आमच्या घरात मराठीत कानडी असं मिसळलेलं असतं; धाकट्या भावाला मी तम्मा म्हणते, तो मला अक्का.

मल्लू बारावीनंतर शिकला नाही. दुसऱ्यांच्या गाड्यांवर ड्रायव्हर म्हणून जातो. तो दर रविवारी शेडमध्ये चहा घेऊन यायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि विचारायचा, "अक्का, कवा होनार गं?"

"होईल रे तम्मा. घाई काय?"

"घाई न्हाय. सहज इचारलं."

मला वाटायचं, किती जीव आहे याचा अप्पांच्या गाडीवर.

खंडेनवमीला गाडी सुरू करायची असं मी ठरवलं होतं. आमच्याकडं त्या दिवशी सगळी हत्यारं धुऊन, पुसून पूजेला मांडतात आणि दसरा उजाडेपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. पाने, स्क्रूड्रायव्हर, टॉर्क रेंच, सगळं पाटावर मांडलं. मल्टिमीटरलासुद्धा हळदकुंकू लावलं. वर झेंडूची फुलं. गाडी दुधाच्या सायीच्या रंगात नुसती चमकत होती. रफिकभाई पेढे घेऊन आले होते. नारळ मी फोडणार होते, पण अव्वा म्हणाली, "मल्लूला फोडू दे. घरातला बापई मानूस हाय." मला जरा लागलं, पण सणाच्या दिवशी कुठं वाद घालायचा... फोडू दिला.

मी आत बसले. स्टीअरिंगला हात लावून डोळ्यांना लावला, अप्पा लावायचे तसा. सेल्फ मारला. इंजिन फिरलं, फिरलं... पण पकडलं नाही. चोक ओढून पाहिला, सोडून पाहिला. नाही. थोडं थांबून पुन्हा. नाही.

आदल्या आठवड्यात इंजिन स्टँडवर हेच इंजिन मी रफिकभाईंसमोर चालवून पाहिलं होतं, तेव्हा त्यांनी बॅटरीची वायर टेकवली होती आणि ते एका दमात सुरू झालं होतं. आता बोनेट उघडलं, पण करणार काय? सगळे पाने फुलांखाली. रफिकभाई हात चोळत म्हणाले, "आज रैने दो ताई. कल देखते."

तेवढ्यात मल्लू म्हणाला, "मी बघू का मारून?"

"तू काय वेगळं करणार आहेस?" मी म्हटलं आणि उतरले. तो बसला. ना स्टीअरिंगला हात लावला, ना चोक बघितला. नुसती चावी फिरवली आणि इंजिन सुरू झालं. असं तसं नाही, शिवणयंत्रासारखं. अव्वानं टाळ्या वाजवल्या, रफिकभाईंनी मल्लूच्याच तोंडात पेढा घातला.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. माझा प्रयत्न आणि त्याचा प्रयत्न यांच्यामध्ये गाडीला एकही पाना लागला नव्हता. लागूच शकत नव्हता. एरवी कुणी म्हणालं असतं, तू काहीतरी ढिलं सोडलं होतंस, ते कुणीतरी आवळलं. त्या दिवशी ते म्हणायची सोयच नव्हती.

पेट्रोल जास्त झालं असेल, मी मनाशी म्हटलं. बंद करायला लावलं, परत मी बसले. नाही. मल्लू बसला. सुरू.

"गाडीला मी आवडतोय गं अक्का," मल्लू हसत म्हणाला.

"गाडीला आवडनिवड नसते," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच होता.

पुढचे रविवार मी काय काय केलं ते सगळं लिहीत बसत नाही. बॅटरी बदलली, कॉइल बदलली, अर्थिंगची पट्टी बदलली. माझ्या चपलांचे तळ रबरी, मल्लूचे चामडी, म्हणून मी अनवाणी बसून पाहिलं. त्याला माझ्या चपला घालून बसवलं तेव्हा अव्वाला हसू आवरेना. शेजारचे काका बसले, सुरू झाली. रफिकभाई बसले, सुरू झाली. पेपर टाकणाऱ्याला हाक मारून बसवलं, त्यानं आयुष्यात चारचाकीची चावी फिरवली नव्हती, त्यालाही सुरू झाली. फक्त मी. दुसऱ्यानं सुरू करून दिलेली गाडी मी पुढं न्यायला बसले तर पहिला गिअर टाकताच बंद. क्लच माझाच बसवलेला, आणि गाडी चालवायला मला अप्पांनी शिकवलेलं... असल्या बंद पडण्याची लाज वाटायची.

रफिकभाईंनी एक दिवस टोपी काढून डोकं खाजवलं. "मेरे कू तो क्या बी समझ में नै आ रा, ताई. तुमे गाडी कू कुच बोले क्या?"

"काय बोलणार गाडीला?"

"वैसे नै... गुस्सा वगैरे?"

मी म्हटलं, "रफिकभाई, तुम्हीसुद्धा?" ते परत बोनेटमध्ये वाकले.

मग मी शेवटची टेस्ट ठरवली. गाडीत कुणी बसायचंच नाही. सेल्फच्या रिलेपासून एक लांब वायर काढली आणि तिच्या टोकाला बेलचं असतं तसलं बटण लावलं. वायर खिडकीतून थेट अव्वाच्या स्वयंपाकघरात नेली. गाडी न्यूट्रलला, इग्निशन चालू. रफिकभाई बोनेटजवळ, हात पाठीमागं बांधून. मल्लू तेव्हा कुणाची तरी गाडी घेऊन मोडनिंबला गेला होता, म्हणजे तोही मध्ये नाही. आता ना सीटचा प्रश्न, ना चपलांचा, ना ॲक्सिलरेटरवरच्या पायाचा. उरलं फक्त एक बोट.

मी दाबलं. शेडमध्ये इंजिन नुसतंच फिरत राहिलं. रफिकभाई ओरडले, "नै हुआ!" पेट्रोल सुकावं म्हणून बराच वेळ थांबले. परत दाबलं. नाही.

अव्वा ज्वारीच्या पिठात हात घालून बसली होती. मी बटण तिच्यापुढं धरलं. "अव्वा, हे दाब."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"दाब की. बेल वाजवल्यासारखं."

तिनं पिठाच्या बोटानं दाबलं. आणि भिंतीपलीकडं गाडी सुरू झाली. पहिल्या सेकंदाला.

मला हसू आलं असतं, पण अव्वाच्या तोंडाकडं लक्ष गेलं. ती पांढरी पडली होती. बटण तिनं निखारा टाकावा तसं टाकलं. "यव्वा... बंद कर. बंद कर गं ते. कशाला त्येंना तरास देतीस?"

"कुणाला?"

बाहेर इंजिन चालूच होतं. मी रफिकभाईंना बंद करायला सांगितलं आणि परत येऊन तिच्यासमोर खाली बसले. "अव्वा, कुणाला त्रास देते मी?"

पदरानं डोळे पुसताना तिच्या गालाला पीठ लागलं. मग म्हणाली, "त्येंनी गाडी मल्लूला दिल्या गं. दवाखान्यातच सांगितलं मला न् त्येला."

"मला सांगितलं होतं. मला दिली म्हणून."

"व्हय. तुला तसं सांगनार म्हनून बोलले हुते ते..." मग एकदम सगळं बाहेर आलं. अप्पा म्हणाले होते – लीलाला पगार हाय, घर हाय, नवरा चांगला हाय. मल्लूचं काय? गाडी नीट झाली तर लग्नाच्या वरातीला लावून तो पोट भरंल. पन नीट करनार कोन? लीलाच. तिच्या हातानंच हुईल. तिला वाटू दे आपलीच हाय म्हनून, जीव लावून करंल. झाली की मग सांगा, ती न्हाय म्हननार न्हाय.

मी ते ऐकत होते आणि समोर फरशी दिसत होती, जिच्यावर मी महिनाभर वायरी पसरून बसले होते. अव्वा त्या वायरी ओलांडत होती तेव्हा तिला हे माहीत होतं.

"आणि तुम्ही दोघं गप्प बसलात? इतके रविवार?"

"कसं सांगायचं बाई? तू एवढी खुशीत असायचीस."

मल्लू तिसऱ्या प्रहरी आला. मी शेडच्या दारातच उभी होते. "तुला माहीत होतं?"

अव्वाकडं एकदा बघून तो समजला. चपला काढल्या, परत घातल्या. "अक्का, मी सांगनार हुतो."

"कधी?"

"झाल्यावर."

"म्हणजे माझं काम झाल्यावर. दर रविवारी कवा होनार, कवा होनार, ते यासाठी?"

"आधी सांगितलं असतं तर तू सोडलं असतंस की गं."

"तुझी बहीण आहे मी, मल्लू. फुकटचा मेकॅनिक नाही."

"अप्पाच म्हनले हुते तसं..." तो म्हणाला. आणि मग खालच्या आवाजात, "दोन लग्नाच्या ऑर्डरी पन घेतल्यात." हेही त्याला आत्ताच सांगायचं होतं!

रफिकभाईंनी टोपी घातली, मला सलाम केला आणि निघून गेले. बिचाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, एवढं मात्र त्यांच्या तोंडावरून कळत होतं.

सगळे घरात गेल्यावर मी एकटी गाडीत बसले. पत्रा दिवसभर तापलेला, आत नव्या रंगाचा आणि रेक्झिनचा वास. मला बोलायला लाज वाटत होती, तरी बोलले. "अप्पा, खरं का हे?" आणि चावी फिरवली.

तोपर्यंत माझ्या हाताला निदान सेल्फ तरी फिरायचा. त्या वेळी तोही फिरला नाही. टक्‌सुद्धा नाही. डॅशबोर्डवरचा एक दिवा लागला नाही. मी उतरून मीटर लावला – बॅटरी पूर्ण. इग्निशन स्विचपर्यंत करंट येत होता, स्विचमधून पुढंही जात होता. मी वायर न् वायर तपासली, मीच बनवलेली. कुठंही दोष नव्हता. पुन्हा चावी फिरवली. शांत. घाम नाकावरून गळत होता की रडत होते, मला आता सांगता येणार नाही.

एकच गोष्ट स्पष्ट कळत होती. कुणीतरी मला उत्तर दिलं होतं, आणि ते उत्तर अव्वानं सांगितलं तेच होतं.

गाडी अजून अप्पांच्याच नावावर होती. ती मल्लूच्या नावावर करायला वारस म्हणून माझी सही लागणार होती. आमचे हे म्हणाले, "करू नकोस सही. कष्ट तुझे आहेत." मीही चार दिवस तेच म्हणत होते. पण जी गाडी मला आत घ्यायला तयार नाही, तिच्या दारात बसून हक्क मागायचा? मी हट्टी आहे, लाचार नाही. आरटीओत जाऊन सही केली. मल्लूनं बाहेर उसाचा रस घेतला, मला विचारलं, मी नको म्हटलं.

नावाचं काम झाल्यावर एका सकाळी माझ्या दारात हॉर्न वाजला. मल्लू गाडी घेऊन आला होता. पुढं अव्वा नवं लुगडं नेसून बसलेली. अक्कलकोटला निघाले होते.

"चल की अक्का. तूच चालव आज."

"माझ्या हाताला होत नाही, माहीत आहे ना तुला?"

"मारून तर बघ."

नको म्हणायचं होतं, पण माझ्यातल्या मास्तरणीला राहवलं नाही. काही बदललंय का, ते बघायचं होतं. मी बसले. चावी अर्धी फिरली असेल-नसेल, इंजिन सुरू झालं. मी टॅपेट सेट केले होते तसाच आवाज. कुठं खडखड नाही, कुठं अडखळणं नाही. पहिला गिअर टाकला, चार फूट पुढं घेतली, मागं घेतली. लोण्यासारखी.

"बघ! म्हटलं नव्हतं?" मल्लू टाळी द्यायला हात पुढं करून उभा. अव्वानं हात जोडले, कुणाला ते मी विचारलं नाही.

बंद पडत होती तेव्हा इतकं लागलं नव्हतं. तेव्हा मी मनाची समजूत घालत होते – काहीतरी फॉल्ट आहे, मला सापडत नाही एवढंच. आता फॉल्टही उरला नव्हता. तिच्यावरचा माझा हक्क सुटल्यावर ती माझ्या हाताला चालायला लागली होती, भाड्याच्या ड्रायव्हरच्या हाताला चालावी तशी. मी चावी काढून मल्लूच्या हातात दिली, नीट जा म्हटलं आणि आत येऊन दार लावलं. त्यानंतर त्या गाडीत बसले नाही. लग्नाच्या मोसमात ती फुलांनी मढून सात रस्त्याच्या बाजूनं जाताना दिसते कधीतरी. लोक वळून वळून बघतात. काम चांगलंच झालंय.

मी कॉलेजातल्या इलेक्ट्रिकलच्या सरांना सगळं सांगितलं. त्यांनी कागदावर आकृती काढली, ढिला कॉन्टॅक्ट, उष्णता, आर्द्रता वगैरे म्हणाले आणि मग स्वतःच म्हणाले, "पण मॅडम, मग आईच्या बोटाला कशी झाली?" कुणाला शास्त्रीय कारण सुचत असेल तर जरूर लिहा, मला खरंच हवं आहे.

पण खरं सांगायचं तर गाडी का अडली, यापेक्षा दुसरंच मला झोपू देत नाही. थोरला ल्योक म्हणायचे ते मला. मग थोरल्याला सांगतात तसं मला समोर बसवून सांगायचं होतं – लीला, मल्लूचं पोट नाही भरत, तू गाडी कर आणि त्याला दे. मी दिली असती. कदाचित नसती दिली, खोटं कशाला बोलू... आदळआपट केली असती, दोन दिवस जेवले नसते. पण तेव्हा अप्पा जिवंत होते. भांडायला समोर माणूस तरी असता.